पहिला पेपर संपादकाकडूनच परत आला. लिहायला नेमकं शिकायचं कुठून?

केगावची_बस:

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, रसायनशास्त्रात पीएचडी करतेय. नोंदणी आपल्याच विद्यापीठात, केगावला. शिवाय एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, त्यामुळे प्रयोगशाळेत जाणं होतं ते तास संपल्यावर, नाहीतर दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्टीत. मे महिन्यात, बाहेर त्रेचाळीस डिग्री असताना आत भट्टी लावून बसलेली बाई कुणी पाहिली असेल तर ती मीच.

विषय असा: डाळिंबाच्या सालीपासून अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे रंग शोषून घेणारा सच्छिद्र कोळसा, करायचा आणि त्याने रंगाचं सांडपाणी साफ होतं का ते बघायचं. साल मिळायला आपल्याकडे काय तोटा! ज्यूसवाले पोतंभर देतात, वर "मॅडम, ह्याचं काय करता ओ?" म्हणून हसतात. आणि सांडपाण्याचं सोलापुरात वेगळं सांगायला नको, टॉवेल-चादरींचं गाव आपलं. प्रयोग झालेत. एक्सआरडी, एसईएम, बीईटी या कार्बनच्या रचनेच्या आणि पृष्ठभागाच्या तपासण्या बाहेरून पैसे भरून करून आणल्या. मिथिलीन ब्लू हा अशा प्रयोगांतला नेहमीचा निळा रंग घेऊन पीएच, डोस, वेळ, तापमान असं सगळं नेहमीचं केलं. लँगम्यूर (कार्बन किती रंग धरतो याचं समीकरण) बसला, कायनेटिक्स (किती वेगाने धरतो ते) बसलं, आलेख देखणे आलेत.

मग गाइड म्हणाले, "चला, आता लिहून काढा." एवढंच. कोर्सवर्कला रिसर्च मेथडॉलॉजी होती, त्यात गृहीतकाचे प्रकार आणि नमुना निवड पाठ करून मी चांगले मार्क मिळवले. पेपर कसा लिहायचा हे शेवटच्या युनिटात टीपा लिहा या सदरात होतं. म्हणून लॅबमधल्या सीनियरचे पेपर समोर ठेवले, त्यांचा साचा घेतला, त्यात माझे आकडे भरले. पाठवला. आठवडाभरात संपादकांचंच उत्तर आलं, रिव्ह्यूअरपर्यंत गेलाच नाही. नवीन काय ते कळत नाही, अशा कार्बनवर भरपूर काम झालंय, आणि भाषा सुधारा.

माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम. त्यामुळे भाषेचं वाक्य जरा लागलं. नंतर मजकूर चॅटजीपीटीतून काढला. आता तो गुळगुळीत झालाय, पण त्यातलं एखादं वाक्य कुणी समजावून सांग म्हटलं तर मलाच थांबावं लागतं.

सारांश साधारण मराठीत देते:

"पाणी हा मानवी जीवनाचा अविभाज्य घटक आहे. वाढत्या औद्योगिकीकरणामुळे जलप्रदूषण ही जागतिक समस्या बनली आहे. प्रस्तुत अभ्यासात डाळिंबाच्या सालीपासून स्वस्त, पर्यावरणस्नेही व कार्यक्षम कार्बन तयार करण्यात आला. त्याची तपासणी एक्सआरडी, एसईएम, एफटीआयआर व बीईटीने करण्यात आली. मिथिलीन ब्लूसाठी कमाल क्षमता १२७.३८४६ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम आढळली. निष्कर्ष लँगम्यूर व स्यूडो-सेकंड-ऑर्डर प्रतिमानांशी जुळतात. हा कार्बन वस्त्रोद्योगातील सांडपाण्यासाठी आशादायक आहे."

अक्कलकोट रोडच्या एका डाइंगवाल्यांकडचं खरं पाणी आणूनही बघितलं होतं, पण त्यातला रंग फारच कमी उतरला. म्हणून ते सप्लिमेंटरीत, म्हणजे पेपरच्या जोडपत्रात, टाकलंय.

विचारायचं हे की माझी अडचण इंग्रजीची आहे का? नवीनपणा दाखवायचा म्हणजे काय करायचं? आणि नव्याने लिहायला बसायचं तर पहिल्यांदा काय लिहायचं?

शेंगाचटणी:

ताई, मनावर घेऊ नका. आमच्या लॅबमध्ये संपादकाकडून परत आलेल्या पेपरांची वेगळी फाइल आहे आणि ती मुख्य फाइलपेक्षा जाड आहे. आठवड्यात उत्तर दिलं हे उपकारच समजा. माझा एक पेपर सात-आठ महिने 'विचाराधीन' राहून मग दोन ओळींचं पत्र आलं. भट्टीचं मात्र सेम टू सेम. आमच्याकडे वर पाण्याचीही बोंब, नळाला चार दिवसांनी पाणी आलं की आधी डिस्टिलेशन प्लँट भरायचा.

चाळणी:

तुमचा सारांश एकदा वाचला, आणि त्याखालची डाइंगवाल्यांची ओळ तीनदा. ते पाणी सप्लिमेंटरीतून बाहेर काढा. तुमचा पेपर तिथे आहे.

मी तुमच्याच भागातला, सध्या बाहेर असतो, आणि अशा विषयांवरचे पेपर तपासायला येतात. कुठल्याशा सालीचा, टरफलाचा, भुश्श्याचा कार्बन आणि समोर मिथिलीन ब्लू, हे इतक्या वेळा येतं की शीर्षक वाचून आकडेसुद्धा अंदाजाने सांगता येतात. शेंगांची टरफलं झाली, नारळाची करवंटी झाली, केळीची साल झाली. साल बदलली म्हणून संपादक काही उठून बसत नाही. त्याला कळायला हवं की तुमचा पेपर वाचण्याआधी लोकांना जे माहीत नव्हतं ते आता काय माहीत झालं. तुमच्या सारांशात याचं उत्तर एकाही वाक्यात नाही. त्याखालच्या ओळीत मात्र आहे.

आता रसायनाकडे या. मिथिलीन ब्लू धनभारित रंग. टॉवेलच्या सुताला लावतात ते रिअ‍ॅक्टिव्ह रंग ऋणभारित, सल्फोनेट गटवाले. सुताने रंग ओढून घ्यावा म्हणून बाथमध्ये, म्हणजे रंगाच्या पाण्यात, मीठ घालतात, तेही चिमूटभर नाही, लिटरला कित्येक ग्रॅम. मग सोडा अ‍ॅश टाकून पीएच दहा-अकराला नेतात, तेव्हा रंग सुताला कायमचा बसतो. न बसलेला रंग, सगळं मीठ आणि सोडा गटारात. त्या पीएचला तुमच्या कार्बनचा पृष्ठभाग बहुतेक ऋणभारितच असणार, म्हणजे तो या रंगाला जवळ येऊच देणार नाही. मिठाचं जरा गमतीचं आहे. एकीकडे ते भारांमधलं ढकलणं झाकतं, त्यामुळे ऋण रंग जास्तही चिकटू शकतो. दुसरीकडे मिठातले ऋण आयन जागेसाठी रंगाशी भांडतात. तुमच्या पाण्यात यातलं कोण जिंकलं हे आत्ता तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही. आणि हेच शोधायचं आहे. "हा कार्बन वस्त्रोद्योगासाठी आशादायक" असं लिहिलंत, आणि तुमच्याच कपाटात त्याच्या उलट पुरावा पडलाय. कडक रिव्ह्यूअरने सप्लिमेंटरी उघडली असती तर याच वाक्यावर तुम्हाला धरलं असतं.

काम फार वाढत नाही. एक रिअ‍ॅक्टिव्ह रंग घ्या, शक्यतो तोच जो ते डाइंगवाले वापरतात. कार्बनचा डोस एकच, वेळ एकच. पाणी पाच: नुसतं डिस्टिल्ड, त्यात मीठ, त्यात सोडा, त्यात दोन्ही, आणि शेवटी खरं पाणी. प्रत्येक तीन-तीनदा. पाच खांबांचा एक आलेख होईल. सोबत कार्बनचा शून्यभार पीएच मोजा, म्हणजे ज्या पीएचला त्याच्या पृष्ठभागावर निव्वळ भार उरत नाही तो. साध्या मीठ-द्रावणाच्या पद्धतीने होतो, त्याला बाहेर पैसे भरायला लागत नाहीत. हा एक आलेख तुमच्या आत्ताच्या सगळ्या आलेखांना भारी आहे. कशामुळे किती घट झाली हे तो सांगेल, आणि ज्याला खऱ्या पाण्यावर काम करायचंय असा कुणीही तो कापून भिंतीला लावेल.

लिहायला कुठून सुरू करायचं, तर आकृत्यांपासून. वर्ड उघडूच नका. आकृत्या छापून घ्या, टेबलावर मांडा, प्रत्येकीखाली पेन्सिलीने एक वाक्य लिहा: ही आकृती काय सिद्ध करते. "पीएचचा परिणाम दाखवला आहे" हे वाक्य चालणार नाही. काय परिणाम? वाढला, घटला, कुठे घटला? जिच्याखाली असं वाक्य लिहिता येत नाही ती आकृती उचला आणि थीसिसच्या गठ्ठ्यात ठेवा. तुमचं एक्सआरडी तिथेच जाणार असं मला आत्ताच दिसतंय. अशा कार्बनला एक-दोन पसरट टेकड्या येतात, त्यावर पानभर लिहिण्यासारखं काही नसतं. उरलेल्या आकृत्या अशा लावा की खालची वाक्यं सलग वाचली तर एक युक्तिवाद होईल. ज्या क्रमाने प्रयोग केलेत तो क्रम वाचकाच्या काही कामाचा नाही, तो तुमच्या वहीसाठी. हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज व्हाइटसाइड्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं टिपण २००४ साली छापून आलं, त्यातही हाच आग्रह आहे: आधी आराखडा, तोही प्रयोग चालू असतानाच, म्हणजे कुठला प्रयोग राहिलाय हे वेळेवर कळतं. माझा अनुभवही तोच, रिकामी जागा टेबलावर दिसते, स्क्रीनवर नाही.

मग मेथड्स लिहा, ते सगळ्यात सोपं. कसोटी एकच: तुमच्या मागून आलेल्या पोरीला तुम्हाला फोन न करता तोच कार्बन करता आला पाहिजे. साल कुठल्या जातीची? भगवा की आणखी कुठली? ज्यूसवाल्याच्या पोत्यात काय काय असतं हे तुम्हाला ठाऊक आहे का? केगावलाच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, एकाच जातीची साल कुठे मिळेल हे तिथे विचारा. कॉस्टिक पोटॅश वापरलंत तर सालीशी त्याचं प्रमाण किती, भट्टी किती वेगाने तापवली, नायट्रोजन सोडला का, नंतर किती धुतलं, पीएच सातला येईपर्यंत का. "चांगले धुऊन वाळवले" असं सीनियरच्या पेपरात असेल, म्हणून तुमच्यात नको.

रिझल्ट्स त्यानंतर. इथे आकड्यांची शिस्त. १२७.३८४६ मधले शेवटचे चार आकडे कुठून आले? सॉफ्टवेअरने दिले. तुमच्या काट्याची आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरची तेवढी ऐपत नाही. तीन वेळा केलेल्या प्रयोगांत जेवढा फरक येतो तो बघा, मग १२७ अधिक-उणे जे काय असेल ते लिहा. स्यूडो-सेकंड-ऑर्डर या वेगाच्या प्रतिमानाच्या सरळ रेषेवरही फार जाऊ नका. टी म्हणजे वेळ, क्यू म्हणजे उचललेला रंग; टी भागिले क्यू विरुद्ध टी असा आलेख काढला की दोन्ही अक्षांवर टी येतो, समतोलाजवळचे बिंदू जास्त असले की रेषा सरळ येतेच, आर-स्क्वेअर (रेषा किती जुळते त्याचा आकडा) ०.९९ येतोच. वक्र समीकरण थेट बसवा, सुरुवातीच्या मिनिटांचे बिंदू वाढवा.

प्रस्तावना त्यानंतर, आणि छोटी. लँगम्यूरचं समीकरण १९१८ चं आहे, वाचकाला ते शिकवायला जाऊ नका, त्याचं मानपान एका ओळीत उरका. आपल्याकडे प्रस्तावनेतले संदर्भ लग्नपत्रिकेतल्या भावकीसारखे असतात, कुणाचं नाव राहून रुसवा नको म्हणून घातलेले. चार गोष्टी पुरतात: खऱ्या डाइंगच्या पाण्यात काय असतं, कार्बनवरचं बहुतेक काम कुठल्या पाण्यात झालं, त्यामुळे काय कळायचं राहिलं, आम्ही काय केलं. पाणी म्हणजे जीवन हे रिव्ह्यूअरला माहीत असतं, तोही पितो.

सारांश सगळ्यात शेवटी. तुमचा मी साधारण असा करीन, रिकाम्या जागा तुम्ही भरा:

"डाळिंबाच्या सालीचा कार्बन डिस्टिल्ड पाण्यातून मिथिलीन ब्लू भरपूर उचलतो, पण सूत रंगवणाऱ्या कारखान्याच्या पाण्यातून रिअ‍ॅक्टिव्ह रंग फक्त अमुक टक्के उचलतो. ही घट मिठाने होते की सोड्याने, हे आम्ही दोन्ही वेगवेगळे घालून मोजले. घटीचा तमुक भाग एकट्या पीएचमुळे आहे. पीएच अमुकवर आणल्यास क्षमता एवढी परत येते."

शेवटचं वाक्य लिहायला आणखी एक प्रयोग लागेल, तो सुचला ना लगेच? लिहिण्याचा मुख्य फायदा हाच, पेपर छापून येणं त्यानंतर.

इंग्रजीबद्दल: तुम्ही इथे मराठीत लिहिलंय ते स्वच्छ आहे, म्हणजे विचार स्वच्छ आहे. एका वाक्यात एक गोष्ट, कर्ता आणि क्रियापद जवळजवळ, इतकं केलंत तर संपादक भाषेचं नाव काढत नाहीत. रामन आणि कृष्णन यांचं 'नेचर'मधलं १९२८ चं पत्र काढून बघा, केवढासा मजकूर आहे. आणि चॅटजीपीटीच्या बाबतीत, व्याकरण तपासून घ्यायला हरकत नाही, नियतकालिक सांगेल तिथे तसं नमूद करा. पण त्याला 'सुधार' म्हटलं की ते दावा फुगवतं. तुम्ही 'घट झाली' लिहिलंत तर ते 'उल्लेखनीय कामगिरी' करून देतं. तुम्हाला समजावून सांगता येत नाही ते वाक्य खोडा, कितीही गोड असलं तरी.

केगावची_बस:

सर (की मॅडम?), खूप खूप आभार. पाच पाण्यांचा प्रयोग वाचून मी जेवता जेवता उठले आणि वही काढली. आमच्याकडे सोडा अ‍ॅश आहे, मीठ आहे, रंग तेवढा आणायचाय.

एक अडचण. गाइड सरांना फसलेला निकाल पुढे आणलेला आवडत नाही. त्यांचं म्हणणं, "क्षमता जास्त आली तेच दाखवायचं, कमी आलेलं कोण छापतंय?" सर स्वभावाने चांगले आहेत, प्रत्येक प्रगती अहवालाला माझ्या बाजूने उभे राहतात, म्हणून भांडायचं नाहीये. शिवाय मिथिलीन ब्लूवर इतके महिने घातले, ते सगळं वाया?

पूर्वभाग:

ताई, मी पीएचडीवाला नाही, बी.एस्सी. करून घरच्या डाइंगवर बसलो. घरात तेलुगू, धंद्यात हिंदी-मराठी, त्यामुळे माझं लिहिणं सांभाळून घ्या. वरच्या सरांनी मीठ-सोड्याचं बरोबर सांगितलं. माझा प्रश्न वेगळा हाय. तुम्ही पाणी कुठलं आणलं?

डाइंगचं पाणी म्हणजे एक पाणी नसतं. रंगाचा बाथ सोडतात ते पहिलं पाणी, त्यात मीठ-सोडा सगळा. मग थंड धुणं. मग अ‍ॅसिड टाकून सोडा मारतात, ते पाणी आंबट. मग सोपिंग, गरम, त्यात साबणाचा भाग. मग परत धुणं, कधी रंग पक्का करणारा फिक्सर. हे सगळं शेवटी एका टाकीत जमतं. तुम्ही टाकीतून घेतलं असेल तर त्या दिवशी सकाळी काय रंगवलं आणि दुपारी काय, त्यावर सगळं. काळा शेड चालू असेल तर मीठही जास्त, रंगही जास्त. फिका गुलाबी असेल तर तेच पाणी बघून तुम्हाला वाटेल साफ हाय.

आणखी एक. ते रिअ‍ॅक्टिव्हच होतं का? पक्क्या रंगाच्या चादरीला, टॉवेलच्या बॉर्डरला काहीजण व्हॅट, म्हणजे दुसऱ्या जातीचा रंग, वापरतात. त्यात रंग विरघळवायला कॉस्टिक आणि हायड्रो असतं. व्हॅटचा रंग बाथमध्ये विरघळलेला असतो, पण हवा लागली की परत घट्ट होऊन बारीक कणांत खाली बसतो. तसलं पाणी असेल तर तुमच्या कार्बनने रंग उचलला की तो आपोआप तळाला गेला, हे कसं कळणार? कार्बन न टाकता एक बाटली तशीच बाजूला ठेवली होती का?

मालकाकडे गेलात तर थेट रेसिपी मागू नका, कुणी देत नाही. रंगमास्तरला भेटा. चहा सांगा, आणि त्या दिवसाची लॉट वही बघायला मागा. त्यात शेड, किती किलो सूत, किती मीठ, किती सोडा असं लिहिलेलं असतं. कारखान्याचं नाव छापणार नाही हे आधीच सांगा, मग बोलतात. प्रदूषणवाल्यांची भीती असते, तुम्ही त्यातल्या नाहीत हे कळलं की टाकीपर्यंत स्वतः घेऊन जातात.

चाळणी:

पूर्वभाग यांनी विचारलं ते कुठल्याही रिव्ह्यूअरने विचारायला हवं होतं. ताई, यांच्या पोस्टमधून तुमच्या मेथड्सचा एक परिच्छेद जवळजवळ तयार झालाय: नमुना कुठल्या टप्प्यावर घेतला, त्या दिवशी कुठला शेड, बाथमध्ये किती मीठ आणि सोडा, किती तासांत तपासला, कार्बन न घातलेली बाटली कशी राहिली. यांना विचारून आभारात उल्लेख करा. त्या रंगमास्तरांनाही, नाव चालत असेल तर.

गाइडबद्दल. फसलेला निकाल म्हणून जाऊच नका, पाच खांबांचा आलेख घेऊन जा. तोंडी वाद घातला की मोठ्या माणसाला आपली बाजू सोडवत नाही, आलेखासमोर बसवलं की तेच पुढचा प्रयोग सुचवायला लागतात. पीएच उतरवून क्षमता परत आली तर त्यांना हवा तो मोठा आकडाही मिळतो, खऱ्या पाण्यातला. मिथिलीन ब्लू वाया जात नाही. पेपरात तो तुलनेसाठी एक खांब किंवा एक वाक्य, थीसिसमध्ये पूर्ण प्रकरण. थीसिसला सगळं चालतं.

वाचनालय_पास:

लिहिण्याचं वर झालं, मी पाठवण्याचं सांगतो, कारण इथे पोरांचे पैसे जातात.

पहिलं म्हणजे घाई कसली आहे ते बघा. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत थीसिस सादर करण्याआधी एक पेपर छापलेला असणं आणि दोन परिषदांत वाचन सक्तीचं होतं. २०२२ च्या नियमांत ती सक्ती काढली. आपापल्या विद्यापीठाचं काय ते पीएचडी विभागात लेखी विचारा, कॅन्टीनमध्ये नको. केअर यादीही (मान्य नियतकालिकांची यादी) यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, तरी "केअर लिस्टेड, सात दिवसांत प्रकाशन, फक्त इतके रुपये" असे मेसेज अजून फिरतात. सात दिवसांत कोण तपासणार तुमचा पेपर?

फी न घेणारी चांगली नियतकालिकं आहेत. बंगळूरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची आहेत, मोठ्या परदेशी प्रकाशकांच्या बऱ्याच नियतकालिकांत ओपन अ‍ॅक्सेस न निवडता वर्गणीचा मार्ग निवडला की लेखकाला काही भरावं लागत नाही. फॉर्म भरताना तो पर्याय नीट बघा, घाईत भलतीकडे टिक होते. तुमच्या संदर्भांच्या यादीत जी दोन-तीन नावं सारखी येतात, तुमचे वाचक तिथेच आहेत, तिथे पाठवा. एका वेळी एकाच ठिकाणी, हे सांगायला नको.

वाचायला पेपर मिळत नाहीत ही तक्रार आता बरीच कमी व्हावी. वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही सरकारी योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे, तेरा हजारांवर नियतकालिकं सरकारी विद्यापीठांतून उघडतात. ग्रंथालयात जाऊन लॉगिन घ्या.

आणि सीनियरचा साचा घेतलात असं लिहिलंय, तिथे जपून. २०१८ च्या यूजीसी नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, थीसिसमध्ये दहा ते चाळीसला सुधारून पुन्हा सादर करावं लागतं, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. एकाच लॅबचे पेपर मेथड्समध्ये हमखास अडकतात, कारण सगळ्यांनी एकाच मूळ परिच्छेदावरून उतरवलेलं असतं. तुम्ही प्रयोग स्वतः केलाय, तर वहीवरून लिहा, आपोआप वेगळं येतं.

शेंगाचटणी:

कॅन्टीनमध्ये नको हे वाक्य फ्रेम करून घेतो.

केगावची_बस:

पूर्वभाग दादा, टाकीतूनच आणलं होतं, आणि बाजूला ठेवलेली बाटली नव्हती. परत जाते, या वेळी वही घेऊन. तुमच्या ओळखीचे कुणी रंगमास्तर असतील तर मेसेज करा ना.

चाळणी सर, अजून एक अडलंय. मिथिलीन ब्लू मी ६६४ नॅनोमीटरला मोजत होते. टाकीच्या पाण्यात दोन-तीन रंग मिसळलेले असणार, मग कुठल्या तरंगलांबीला मोजायचं? सप्लिमेंटरीतलं मी ६६४ लाच मोजलं होतं.

चाळणी:

६६४ चा आकडा त्या पाण्यासाठी सोडून द्या. लाल रंग तिथे जवळजवळ दिसतच नाही, म्हणजे "फार कमी रंग उतरला" हे खरंच तितकं कमी आहे का हेही आत्ता सांगता येणार नाही. आधी ते पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा, म्हणजे व्हॅटचे कण आणि कार्बनची भुकटी दोन्ही बाजूला होतील. मग ४०० ते ७०० पूर्ण स्कॅन घ्या, कार्बनच्या आधी आणि नंतर, दोन्ही एकाच आलेखावर. आकडा द्यायचा तर पाण्याचा रंग मोजायच्या आयएसओ ७८८७ या मानकात ४३६, ५२५ आणि ६२० नॅनोमीटर या तीन जागांची शोषकता देतात, तीच द्या. पाणी फार गडद असेल तर पातळ करा आणि किती पट केलंत ते लिहा. पीएच मात्र मोजणीच्या वेळी दोन्ही नमुन्यांचा सारखा ठेवा, काही रंगांची छटा पीएचने बदलते. शुद्ध पाण्याच्या चार बाटल्यांत एकच रंग आहे, तिथे त्याच रंगाच्या शिखरावर मोजलंत तरी चालेल. स्कॅन आला की इथे टाका, सोबत त्या दिवशीचा शेड कुठला होता तेही.